मॉरिस की ऑस्टिन

“...बरं, वळणावर मॉरिस उजवी, हे कबूल. पण घाट चढताना ऑस्टिनच्या इंजिनात जो दम दिसतो, त्याचं काय? उस्ताद, दोन्हींतली खरी गाडी कुठली?”

दस्तगीर मिस्त्री चिंधीला हात पुसत राहिले.

मिरजेतल्या त्यांच्या गॅरेजपुढे दोन्ही गाड्या उभ्या होत्या. त्रेपन्न सालची मॉरिस मायनर आणि त्याच सुमाराची ऑस्टिन ए-फॉर्टी. विचारणारे रंगराव इनामदार पेशाने वकील. दोन वर्षं दर रविवारी ते मिस्त्रींकडे इंजिनाचं काम शिकायला येत. शिकत कमी, वाद जास्त घालत.

“घरी शेड एकाच गाडीची आहे,” वकील म्हणाले. “दुसरी न्यायला उद्या माणूस येतोय.”

“मग ठेवा की एक.”

“कुठली, ते सांगा ना! वडिलांची मॉरिस होती. मी आठ वर्षांचा असताना त्यांनी ती विकली आणि वर्षभरात ते गेले. मी शोधून अगदी तशीच घेतली. रंग तोच, हॉर्न तोच... पण स्टिअरिंगवर बसलो की काहीच होत नाही. म्हटलं, लहानपणी आपलीच गफलत झाली असेल, ऑस्टिन असेल ती. म्हणून हीही घेतली. हिच्यातही नाही...”

कोर्टात त्यांचा आवाज कधी इतका बारीक झाला नसेल.

“तवा तुम्ही कुठं बसत होता?”

“मी? मागच्या सीटवर.”

“किल्ली द्या. आणि मागं बसा.”

वकील बिचकले. सख्ख्या मुलालाही त्यांनी कधी किल्ली दिली नव्हती.

“उस्ताद, मागं बसून गाडी कळते होय?”

मिस्त्रींनी हात पुढे केला तो केलाच.

मॉरिस निघाली. गॅरेजसमोरच्या मैदानाला फेरी सुरू झाली. वकिलांनी आधी गिअरबद्दल दोन सूचना केल्या. मग नकळत पुढे सरकले आणि पुढच्या सीटच्या पाठीवर त्यांनी हनुवटी टेकली. समोर मिस्त्रींची मान होती. उन्हानं रापलेली, कॉलरपर्यंत पांढरे केस उतरलेली.

फेरी संपली. मिस्त्री ऑस्टिनमध्ये जाऊन बसले. वकीलही मुकाट्यानं तिच्यात मागे बसले. पुन्हा तीच फेरी, पुन्हा तशीच हनुवटी.

गॅरेजपाशी इंजिन बंद झालं, तरी वकील उतरेनात. त्यांचे डोळे वाहत होते. साठी उलटलेल्या माणसाला वडील इतके हवेसे वाटावेत, याची त्यांना लाजही वाटली नाही.

“सापडलं, उस्ताद...” ते कसेबसे म्हणाले. “पण दोन्हींत सापडलं. आता कुठली ठेवू?”

मिस्त्रींनी आरशातून त्यांच्याकडे पाहिलं.

“वकीलसाहेब, दोन्ही टायमाला तुम्ही खिडकीबाहेर एकदाबी बघितलं नाही. माझ्या मानेकडंच बघत होता.”