माहेरापासून सरकलेलं बेट

एकदा काय झालं, भर समुद्रात एक बेट होतं. बेटाच्या मधोमध डोंगर, आणि डोंगराच्या माथ्यावर आग. साधीसुधी नाही हं, जमिनीच्या पोटातून आलेली! समुद्रावर गेलेल्या होड्या तिच्या उजेडानं घरी यायच्या. बायका म्हणायच्या, "डोंगराई जागी आहे, काळजी नको."

त्या बेटावर सोनकी नावाची मुलगी होती. भारी घाबरट. झाडावरून नारळ पडला तरी दचकायची! त्या साली तिच्या दादाचं लग्न झालं आणि शेजारच्या बेटावरून आबोली वहिनी घरात आली. वहिनी सोनकीची वेणी घालायची, आणि घालता घालता समुद्राकडं बघत राहायची. पलीकडं तिचं माहेर होतं ना.

डोंगरावरची आग केव्हापासून बारीक होत चालली होती, पण कुणाचं लक्ष नव्हतं. आणि मग एके दिवशी ती विझली.

झालं! गावाला कारण हवंच होतं. "नवी सून आली नि डोंगराई रुसली. पांढऱ्या पायाची ग बाई!" गावाचा म्होरक्या भिवा तांडेल म्हणाला, "पुनवेपर्यंत आग परतली नाही, तर हिला माहेरी धाडा. कायमची."

वहिनी आत गेली. नुसती चूल फुंकत बसली.

सोनकीला ते ऐकवेना. मग काय, पहाटेच तिनं होडी लोटली आणि निघाली आग शोधायला. लाट आली की डोळे गच्च मिटायची, पण वल्हं काही सोडलं नाही, बरं का.

पहिलं लागलं वहिनीचं माहेर. तिथला डोंगर थंडगार, अंगभर झाडी. "डोंगराई, आमची आग इकडं आली का ग?"

"नाही ग बाळा. माझीच विझून युगं झाली. पलीकडच्या थोरल्या बहिणीला विचार."

मग दुसरं बेट. तिथला डोंगर पावसापाण्यानं झिजून टेकाडाएवढा झालेला. तोही म्हणाला, "पुढं जा."

मग तिसरं. तिथं तर डोंगर नव्हताच! पाण्यात बुडालेला, वर नुसती पोवळ्यांची कड. पाण्यातून हळूच आवाज आला, "पोरी, आम्ही सगळ्या एकाच आईच्या लेकी. एकामागं एक निघालो. तू उलटी आलीस. आई पार मागं राहिली, तुमच्याही मागं."

मग सोनकी वळली. आपलं बेट ओलांडून पलीकडं गेली, तर पाणी आधी कोमट, मग ऊन, मग बुडबुडेच बुडबुडे! सोनकीची बोबडी वळली. तरी तिनं विचारलंच, "आई, वहिनीमुळं गेलीस का ग तू?"

खालून आई हसली. "मी कुठं गेले? मी बसल्या जागीच आहे. पृथ्वीच्या पोटातून, खोल खोल खालून माझी धग वर येते आणि दगड वितळवते. वरची जमीन मात्र सरकत असते, नखं वाढतात ना, तेवढ्याच हळू. निखाऱ्यावर पापड सरकवला की ओळीनं फोड येतात, बघितलंयस? पापड पुढं जातो, निखारा तिथंच. तसं तुमचं बेट पुढं गेलं. लेकी जातातच ग. आठवण येते, पण हात मोकळे नाहीत. इथं पाण्याखाली धाकटी लेक घडतेय."

आणि आईनं एक दगड वर सोडला. जाळीदार, घावनासारखा. आणि तरंगत आला, बरं का!

सोनकी परतली ती पुनवेलाच. अंगणात वहिनीचं गाठोडं बांधून तयार. सोनकीनं भर गावात परातीत पाणी ओतलं आणि दगड सोडला. तरंगला! मग तिनं सगळं सांगितलं. "आग रुसली नाही, तांडेलबाबा. आपलं बेटच सासरी निघालंय."

भिवा तांडेलानं डोकं खाजवलं. "म्हणजे आख्खं गावच पांढऱ्या पायाचं की रे!"

आणि आबोली वहिनी खुदकन हसली. सासरी आल्यापासून पहिल्यांदा. दादानं गाठोडं उचलून आत नेलं.

तेव्हापासून दर वर्षी सगळं गाव त्या ऊन पाण्यावर जातं आणि बेटाच्या आईची ओटी भरतं. ओटी भरायचा मान आबोली वहिनीचा. तिथून तिची होडी थेट तिच्या माहेरी जाते, आणि वहिनी मनसोक्त राहून येते. सगळी सुखात आहेत. आणि बेट आपलं अजून चाललंय, हळू, हळू. आपल्या अंथरुणाखालची जमीनसुद्धा चाललीय बरं, कुणाला न उठवता. मग आता तुम्हीही तिला त्रास देऊ नका. मिटा डोळे.