टिकलीचं भलंमोठं अंडं

कोंबड्या आपसात मन मोकळं करून बोलायच्या, तेव्हाची ही गोष्ट. परसातली टिकली नुकतीच अंड्यावर आली होती, आणि पहिलंच अंडं असं घातलं की मुठीत मावेना! शेंडीराव कोंबड्यानं बांग देऊन साऱ्या आळीला सांगितलं. टिकलीचे पाय जमिनीला लागेनात.

तेवढ्यात म्हातारी भुरी खुडूक झाली. तिला उबवायला बसवायचं म्हणून द्वारकाकाकू चांगली अंडी निवडून तांदळात ठेवू लागल्या. टिकलीचं अंडं त्यांनी उजेडात धरून पाहिलं नि म्हणाल्या, "ह्याची पोळी करू."

टिकली रडकुंडीला आली. "भुरीमावशी, सगळ्यांची पिल्लं हवीत, माझंच का नको?"

"अगं बये, त्यात दोन बलक आहेत. एका कवचात दोन पिल्लं वाढायची कशी? दाटीत दोन्ही गुदमरतात. तुझं अंग अजून कोवळं आहे. उगाच कुंथू नकोस, दमानं घे."

मग टिकलीनं पोटभर दाणे टिपले, धुळीत मनसोक्त लोळण घेतली, आणि बांगेकडे लक्षच दिलं नाही. पुढचं अंडं आलं ते अगदी बेताचं. काकूंनी उजेडात धरलं, हसल्या आणि हलकेच टोपलीत बसलेल्या भुरीच्या पंखाखाली सरकवलं.

शेंडीरावाला हसू आवरेना. "एवढंसंच? काय गं, एवढ्यात दमलीस?"

"हळू बोला की, भावजी," टिकली टोपलीला बिलगून म्हणाली, "आत पिल्लू आहे."