भिंतीवरचा हात

"पण बुवा, तो हात देणारा की मागणारा?"

शार्ङ्गधर मठाच्या भिंतीवरच्या जुन्या चित्रापुढे उभा होता. उद्या उत्सवात याच चित्रावर त्याला पहिलं प्रवचन करायचं होतं, आणि ऐकायला पैठणचे शास्त्री येणार होते. फजिती झाली तर प्रवचनाचं आसन पुन्हा मिळणार नव्हतं. काशीहून शिकून आल्याचा तोरा एरवी काय कमी होता? पण आज तो पुन्हा पुन्हा बुवांनाच विचारत होता.

त्याचे गुरू अच्युतबुवा चित्राखालीच जमिनीवर बसून तुळशीचे मणी ओवत होते. सकाळच्या आरतीपासून तिथेच.

"बाकीचं जमलं?"

"जमलं की. घागर नेणारी बाई म्हणजे माया. पाठमोरा गवळी म्हणजे वैराग्य."

"गवळी? आणि वैराग्य?"

"पाठ फिरवलीय ना त्यानं!"

"बरं... पुढे?"

"घोडं अडलंय ते या म्हाताऱ्यापाशी. खाली बसलाय, समोरच्या तरुणापुढे हात केलाय. तळहात वर, म्हणजे आशीर्वाद नाही. तळहात रिकामा, म्हणजे दान नाही. अंगावर चांगली शाल, म्हणजे भिकारीही नाही. मग आहे तरी काय?"

मणी बाजूला ठेवून बुवांनी उजवा हात शार्ङ्गधरापुढे केला.

तळहात वर. रिकामा.

शार्ङ्गधर हरखून गेला. गुरू शब्दांवाचून सांगताहेत! तो वाकून हात निरखू लागला.

"अंगठा मोकळा... बोटं जराशी वाकलेली... ही शून्याची खूण, बुवा?"

...

"की शिष्यानं आपला अहंकार या हातावर ठेवायचा?"

...

हात थरथरू लागला.

"स्पंदन! प्राणाचं स्पंदन!" शार्ङ्गधर जवळजवळ ओरडलाच. मग त्याचं त्यालाच ते पटेना. शास्त्री हसतील असं वाटलं.

बुवांचा हात तसाच पुढे होता. शार्ङ्गधरानं एकदा भिंतीवर पाहिलं, एकदा खाली. दोन्ही हात अगदी सारखे. त्याला रडूच यायचं बाकी राहिलं.

"हरलो, बुवा. माझी सगळी विद्या संपली. तुम्हीच सांगा, या हाताला हवंय तरी काय?"

"केव्हाचे गुडघे आखडलेत रे. हात दे."