पितळेची चुंबळ

दसरा आठ दिवसांवर आला आणि कुंभेरी संस्थानच्या मानाच्या बंदुकीला एकही काडतूस उरलं नाही.

बंदूक विश्रामराव महाराजांच्या आजोबांची. दर दसऱ्याला शीव ओलांडली की राजानं तिच्यातून एक बार काढायचा आणि बांबूला टांगलेला कोहळा फोडायचा, ही रीत. काडतुसं विलायतेहून यायची. तिथला कारखानाच बंद पडला. उरलेलं शेवटचं काडतूस महाराजांनी श्रावणात गच्चीवरून एका माकडावर उडवलं. माकड अजून आहे.

शिलेखाना, म्हणजे संस्थानची सगळी हत्यारं, म्हाताऱ्या धोंडजी जिनगरांकडे होता. हे शेवटचं आहे, सरकार, असं त्यांनी त्या दिवशी तीनदा बजावलं होतं. आता महाराजांनी त्यांनाच उभं केलं आणि विचारलं, की तीनदाच का सांगितलं?

धोंडजींनी काडतुसांची रिकामी पेटी पुढं ठेवली.

कारभारी नारोपंतांचा धोंडजींच्या घरावर फार दिवसांपासून डोळा होता. मागं बारमाही पाण्याची विहीर होती ना! त्यांनी हळूच सुचवलं, की पोलिसांच्या पिस्तुलांची काडतुसं पेटीभर पडून आहेत, तीच बंदुकीतून उडवावीत. महाराजांना हे फार पटलं. हुकूम सुटला. दसऱ्याला पिस्तुलाचं काडतूस मानाच्या बंदुकीतून उडालं पाहिजे. बंदुकीला कानस लागता कामा नये, काडतूसही होतं तसंच राहिलं पाहिजे. नाही जमलं, तर जिनगरांनी चार पिढ्यांचं घर आणि वतन सोडून शिवेपलीकडं जावं.

"आणि मी तीनदा सांगणार नाही," महाराज म्हणाले.

लगेच एकदा करून पाहिलं. बंदुकीचं घर, म्हणजे काडतूस बसायची खोबण, लांबरुंद, काडतूस आखूड. ते आत गेलं आणि विहिरीत पोहरा सुटावा तसं दिसेनासं झालं. घोडा पडला, खट् झालं, बस. नारोपंतांनी मग दुसऱ्या काडतुसाला पोथीचं रेशमी फडकं गुंडाळलं. या वेळी खट् पण झालं नाही. दोन्ही काडतुसं काठीनं ढोसून बाहेर काढायचं काम धोंडजींना मिळालं. बाकीची मंडळी तेवढ्यापुरती भिंतीआड गेली.

धोंडजींची मुलगी म्हाळसा. सासरी दोन वर्षं राहिली आणि पुरे झालं म्हणून परत आली. बापाच्या हाताखाली सगळं काम शिकलेली. ती संध्याकाळी पाणी घेऊन आली, तर म्हातारा आरी, रापी, हातोडी पोत्यात भरत होता.

"कुठं निघालात?"

धोंडजींनी सगळं सांगितलं. म्हाळसेच्या डोक्यावर घागर तशीच. तिनं ऐकून घेतलं, घागर उतरवली, घागरीखालची फडक्याची चुंबळ काढली आणि हातात धरून बघत बसली.

"आबा, पिस्तुलाची गोळी बंदुकीच्या नळीशी मापून पाहिली का?"

पाहिली होती. गोळी नळीच्या भोकाएवढीच जाड. नळीतून जायला अडचण नव्हती, अडचण मागच्या घरात होती.

"मग पोतं सोडा. डोकं गोल, घागरीचं बूड गोल, दोघांचं जन्मात जमायचं नाही. म्हणून कोणी डोकं तासून घेतं का?"

ती तडक तांबट आळीत गेली. तांबटानं, बाईमाणसाला बंदुकीतलं काय कळतं, असं विचारलं. ती म्हणाली, तुला कळतंय तर आधी का नाही बोललास? तो निमूट कामाला लागला. मग बापलेक सहा दिवस घासत आणि मोजत बसले.

दसऱ्याला सगळं संस्थान शिवेवर लोटलं. म्हाळसेनं तांबटाकडून करून घेतलेलं पितळ कनवटीतून काढलं. बाहेरून हुबेहूब मोठं काडतूस, आत पोकळ. त्या पोकळीत पिस्तुलाचं काडतूस लेकरू झोळीत निजावं तसं बसलं. नारोपंत ओरडले, बाईचा हात मानाच्या बंदुकीला लागायचा नाही!

"मग तुम्ही भरा."

नारोपंत तीन पावलं मागं सरले. तिनंच भरलं.

महाराजांनी नेम धरला. कोहळा पाच पावलांवर टांगायची रीत आजोबांपासूनची होती, ती फार शहाणपणाची होती. बार झाला. कोहळ्याच्या चिंधड्या नारोपंतांच्या पगडीवर आल्या.

पगडी पुसत नारोपंत पुढं आले. ही शुद्ध लबाडी आहे, सरकार, ते म्हणाले. काडतूस बंदुकीत बसलंच नाही. काडतूस पितळेत बसलं, पितळ बंदुकीत बसलं. हुकूम मोडला, घर रिकामं करून घ्या.

महाराजांना हेही पटलं. त्यांना जे शेवटी ऐकलं ते पटायचं. "खरंच की. काडतूस बंदुकीनं उडवलं, का तुझ्या पितळेनं?"

म्हाळसेनं पदर खोचला.

"सरकार, आपण गादीवर बसलात तेव्हा किती वर्षांचे होतात?"

"नऊ. दत्तक आलो होतो."

"गादी केवढी होती?"

"चांगली ऐसपैस. समोरचं काही दिसेना. खाली तीन लोड घातले, तेव्हा दिसलं."

"गादी तासली नाही ना कोणी? आणि आपल्यालाही ओढून लांब केलं नाही. बरं, मग त्या दिवशी दरबारानं मुजरा कोणाला केला, सरकार? आपल्याला, का लोडांना?"

नारोपंत पुन्हा पगडी पुसायला लागले.

"आणि ते लोड," म्हाळसा म्हणाली, "आबांनीच शिवले होते."

महाराजांनी एकदा धोंडजींकडं पाहिलं, एकदा हातातल्या बंदुकीकडं. मग ते हसायला लागले. हसता हसता ठसका लागला, बंदूक दुसऱ्याच्या हातात द्यावी लागली. राजा हसतोय म्हटल्यावर सगळी शीव हसली. नारोपंतांनाही हसावं लागलं.

घर आणि वतन तिथल्या तिथं म्हाळसेच्या नावानं झालं. दसऱ्याला मानाची बंदूक भरायचा हक्कही तिलाच मिळाला. आणि कोहळा टांगल्यावर बांबू धरून उभं राहायचा मान महाराजांनी नारोपंतांना दिला.