नळीचं तोंड

"उस्ताद, हे काम ज्योतीरामच्या हाती कशाला दिलंत?" प्रल्हादनं विचारलं.

उस्ताद दस्तगीर शिकलगारांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला.

कोल्हापुरात त्यांचं बंदूक दुरुस्तीचं परवान्याचं दुकान होतं. पोलीस दलाकडून दोन रायफली आल्या होत्या. नळीच्या टोकाला स्क्रूसारखे आटे पाडायचे, तोंडाची कड एकसारखी करायची आणि त्यावर आवाज दाबणारा सायलेन्सर बसवायचा. एक रायफल प्रल्हाद लोहारकडे होती, दुसरी ज्योतीरामकडे.

प्रल्हाद जुना शिष्य. ज्योतीराम नवा, तरी उस्ताद त्याला 'बेटा' म्हणत. प्रल्हादला ते कधीच म्हणाले नव्हते.

प्रल्हादनं नळी लेथवर बांधली. बाहेरचा गोलावा डोळ्यांनी पाहिला आणि यंत्र सुरू केलं.

शेजारच्या लेथवर ज्योतीराम नळीच्या भोकात पिन घालून, नळी हातानं फिरवत, पिन डुलते का ते पाहत बसला होता. नळी जरा सरकवायचा, पुन्हा पाहायचा. प्रल्हादला हसू आलं. त्याचं काम आधी झालं. आटे आरशासारखे चमकत होते.

उस्तादांनी दोन्ही सायलेन्सर चढवले. मग लांब, सरळ सळई नळीतून पुढे सरकवली.

ज्योतीरामच्या नळीतून ती कुठेही न लागता बाहेर आली.

प्रल्हादच्या नळीतून आली, ती सायलेन्सरच्या कडेला घासत. गोळी सुटली असती तर तिथेच धडकली असती.

सायलेन्सरच वाकडा असेल, असं प्रल्हाद म्हणाला. ज्योतीरामचा लावून बघा, म्हणाला.

उस्तादांनी लावला. सळई पुन्हा घासली. नळीचं भोक बाहेरच्या गोलाव्याच्या बरोबर मधोमध नव्हतं, आणि प्रल्हादनं आटे पाडले होते ते बाहेरचा गोलावा धरून.

"आटे तर माझेच साफ आहेत," प्रल्हाद हळूच म्हणाला.

"काम करताना कुणाकडे बघत होतास?"

प्रल्हादनं मान खाली घातली. "त्याच्या हाताकडे."

उस्तादांनी करवत घेतली आणि प्रल्हादच्या नळीचं आटे पाडलेलं टोक कापून टाकलं. चमकता तुकडा फरशीवर पडला. आता ही नळीही ज्योतीरामकडे जाणार, असं प्रल्हादला वाटलं.

उस्तादांनी ती त्याच्याच हातात ठेवली.

"पुन्हा बांध, बेटा. या वेळी गोळीला विचार, तिला कुठून जायचंय."