जांभळाखालची मोकळी जागा

माणसाची कुऱ्हाड पोचली नव्हती तेव्हाची गोष्ट. एका माळावरच्या जनावरांनी सभा नेमली आणि तिला एकच अधिकार दिला, वणवा विझवायचा. सभेत एकजात म्हातारे, दात पडले तरी जागा न सोडणारे.

एका उन्हाळ्यात पलीकडच्या डोंगरावर धूर दिसला. तरणी लावी पक्षीण गवतातली अंडी सोडून धापा टाकत जांभळाच्या झाडाखाली बसलेल्या सभेपुढे आली.

"सांबरआजोबा, गव्यांना सांगून गवताचा एक पट्टा चरून घ्या. आग तिथंच अडेल."

सांबराने रवंथही थांबवला नाही. "पोरी, आम्हाला आग विझवायचा अधिकार आहे. गवत चारायचा दिलाय का कुणी?"

"त्याशिवाय ती विझणार कशी?"

"ते खरं. पण तसं ठरलेलं नाही."

लावी भडकली. "आणि हे जांभूळ? सावली पाहिजे म्हणून बळकावलंत. बसायला टोचतं म्हणून याच गव्यांकडून खालचं गवत साफ करून घेतलंत. ते कधी ठरलं होतं?"

"सभा चालवायची तर बसायला नको?" म्हातारा वानर खेकसला. "कालची पोर, मोठ्यांना शिकवते!"

मग यावर चर्चा सुरू झाली. ती संपायच्या आत वारा फिरला आणि माळ पेटला. लावी घरट्याकडे झेपावली, पण धुरात तिला जागाच सापडेना.

दुसऱ्या दिवशी सगळा माळ काळा पडला होता. जांभळाखाली तेवढी आग आली नव्हती, कारण तिथं जळायला गवतच नव्हतं. म्हातारे सगळे धडधाकट होते. करपलेल्या पंखांनी लावी समोर येऊन बसली.

तिच्याकडे न बघता सांबर म्हणाला, "आता गवतच उरलं नाही. तो विषय निकाली काढू."