पडद्यावरची शिंगं

त्या मुलखात पाण्याचा रंग तपकिरी होता. तळं एकच, आणि ते तपकिरी, म्हणून पाणी म्हणजे तपकिरीच असा सगळ्यांचा समज होता आणि त्यात काही वावगं आहे असं कुणाला वाटत नव्हतं. रोज पहाटे रेडेनाना तळ्यात उतरून ऐसपैस बसत. मुलखातलं सर्वांत थोर माणूस, म्हणजे जनावर, तेच. त्यांची दोन शिंगं पाण्यावर दिसू लागली की मगच बाकीच्यांनी काठावर येऊन तोंड लावायचं, अशी रीत होती. नाना तसे वाईट नव्हते, हे आधीच सांगितलेलं बरं. त्यांना चिखलात बसायला आवडायचं, एवढंच.

त्या मुलखात ठिपकी नावाची एक शेळी होती. तिच्या म्हाताऱ्या आईचं पोट त्या पाण्यानं कायमचं बिघडलेलं. खाल्लेलं अंगी लागत नव्हतं, बरगड्या वर आल्या होत्या, आणि यंदाचा हिवाळा आई काढते की नाही या काळजीनं ठिपकीलाही चारा गोड लागत नव्हता. एका पहाटे आईच्या कण्हण्यानं तिला जाग आली. काहीतरी करायचं म्हणून ती तळ्यावर गेली. नाना अजून उठले नव्हते. पाणी निवांत पडलं होतं आणि तळाचे गोटे, गोट्यांवरचं शेवाळ, शेवाळातला एक इवलासा मासा असं सगळं लख्ख दिसत होतं. ती धावतच घरी आली.

"आई, ऊठ. पाणी स्वच्छ आहे. आत्ताच पिऊन घे."

"शिंगं दिसली का?"

"नाही अजून."

"मग ह्या वयात मला चारचौघांत मान खाली घालायला लावतेस होय गं," म्हातारी म्हणाली आणि कूस बदलून पुन्हा कण्हू लागली.

दुपारी ठिपकीनं कोंबडेबुवांना गाठलं. मुलखातलं सगळं त्यांना कळे, आणि जे कळत नसे त्यावर ते जास्त बोलत. त्यांनी तुरा हलवून शांतपणे ऐकून घेतलं. "खालचं दिसत होतं म्हणतेस? मग ते पाणी नसणार. नुसता खड्डा असेल."

अशा त्या मुलखात वर्षातून एकदा, थंडीच्या दिवसांत, साळिंदर मास्तरांचा फिरता सिनेमा येई. गाढवाच्या गाडीत एक दिवा, एक यंत्र आणि एक पांढरी चादर. दोन बाभळींमध्ये चादर ताणायची, समोर खोक्यावर यंत्र ठेवायचं, की दिवेलागणीला खेळ सुरू. मानाची जागा अर्थातच नानांची. सगळ्यांच्या पुढे, अगदी मधोमध, गवताच्या गादीवर. यंत्रातला उजेड नानांच्या डोक्यावरून जाई, आणि त्यामुळे जो कुठला सिनेमा असेल त्यात खालच्या बाजूला दोन मोठी काळी शिंगं असत. राजा सिंहासनावर बसला की पायाशी शिंगं. समुद्राच्या तळाशी मासे पोहताहेत, तिथंही शिंगं. राघूमैनेचं लाडीगोडीचं बोलणं चाललंय, तर दोघांच्या मधे शिंगं.

प्रेक्षकांना यात काही खटकत नव्हतं. ते त्या नटाला आदरानं 'शिंगवाले' म्हणत. घरी जाताना कोंबडेबुवा म्हणत, "खेळ बेताचाच होता, पण शिंगवाल्यांनी सांभाळून नेला." सगळ्यांत मोठे भक्त तर स्वतः नाना. आपल्यापेक्षा थोर असा हा एकच जीव त्यांना मान्य होता. प्रत्येक खेळात असतो आणि कधी एका शब्दानं मोठेपणा सांगत नाही, याचं त्यांना फार कौतुक. एकदा भारावून त्यांनी पडद्याकडे बघत मान लववली, तर पडद्यावरून शिंगवाल्यांनीही लववली. "मला ओळख दिली त्यांनी," असं नाना पुढे कितीतरी दिवस भेटेल त्याला सांगत होते.

यंदा मास्तरांनी एक कॅमेराही आणला होता. त्यांनी सगळ्यांना गोळा करून सांगितलं, की दुसऱ्यांचे सिनेमे पुष्कळ पाहिलेत, आता तुमचा तुम्ही करा, मी शिकवतो. मुलूख हरखून गेला. पहिलं काम सगळ्यांनी काय केलं असेल, तर बाभळीच्या दोन वाकड्या फांद्या तोडल्या, काजळीनं काळ्या केल्या, बुडाशी एकमेकींना करकचून बांधल्या आणि कॅमेऱ्यासमोर आडव्या धरल्या.

"अहो, हे कशाला?" मास्तरांनी विचारलं.

"शिंगांशिवाय सिनेमा कसा होईल, मास्तर?" कोंबडेबुवा म्हणाले. "इतकी वर्षं तुम्हीच तर दाखवताय."

मास्तर कॅमेऱ्याची काच पुसू लागले.

ठिपकीनं मात्र फांद्या घेतल्या नाहीत. तिचा नंबर आला तशी ती भल्या पहाटे कॅमेरा घेऊन तळ्यावर गेली आणि नाना यायच्या आधीचं पाणी, गोट्यांसकट आणि माशासकट, टिपून आली. एकदा सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं की आईही ऐकेल, असा तिचा हिशेब होता.

खेळ लागले. कोंबडेबुवांच्या सिनेमात शिंगांच्या दोन-दोन जोड्या आल्या, तेव्हा लोक वेडे व्हायचे बाकी राहिले. मग ठिपकीचं तळं आलं. निवळशंख पाणी, आणि त्याच्या मधोमध दोन काळी शिंगं.

"बघा, बघा," कोंबडेबुवा उठून उभे राहिले. "शिंगवाले स्वतः आपल्या तळ्यात उतरलेत. काय पायगुण आहे. पाणी बघा कसं झालंय."

"माझ्या तळ्यात," एवढंच नानांना बोलता आलं.

खेळ संपल्यावर ठिपकी मास्तरांकडे गेली. "मी ती शिंगं टिपली नव्हती."

"ठाऊक आहे मला. ती नानांची सावली आहे."

"मग सांगत का नाही?"

"बाई, गावोगाव हेच आहे. कुठं मोराचा तुरा, कुठं हत्तीचा कान. एका ठिकाणी सांगायला गेलो, तर चादरीच्या चिंध्या हातात घेऊन परत आलो."

"उद्या दिवा वर टांगा, मास्तर. माझ्या आईसाठी एवढं करा."

मास्तरांनी जरा विचार केला. आपला एखादा सिनेमा अख्खा बघावा अशी त्यांचीही फार वर्षांची इच्छा होती. ते हो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दिवा आणि यंत्र फांदीला टांगलं गेलं आणि पडद्यावर नुसतं तळं उमटलं. इकडून तिकडे स्वच्छ. मासासुद्धा दिसला. ठिपकी पडद्याकडे न बघता आईकडे बघत होती.

"शिंगवाले कुठं आहेत?" कोंबडेबुवांनी विचारलं, आणि एकच गलका झाला. अर्धाच खेळ दाखवतात, यंत्र बिघडलंय, मास्तरांनी फसवलं. नाना उभे राहिले. "मास्तर, त्यांना काय केलंत तुम्ही?"

आईनं ठिपकीला कोपरानं ढोसलं. "काल होते ना गं ते? त्यांच्याशिवाय तळं कसं ओकंबोकं वाटतंय."

इतरांचं ठिपकीनं मनावर घेतलं नसतं. आईच्या बोलण्यानं मात्र तिला रडूच फुटलं. मास्तरांनी घाईघाईनं दिवा खाली आणला. शिंगं परत आली आणि मुलखाच्या जिवात जीव आला. नानांनी मात्र धसका घेतला होता. कितीतरी वेळ त्यांचा डोळा लागला नाही, आणि लागला तो असा, की पहाट झाली तरी ते घोरतच होते.

पहाटे मास्तर गाडी भरत होते. चादर काढली, यंत्र बांधलं. काजळी फासलेल्या फांद्या बाभळीखाली पडून होत्या.

"ह्या कुणाला हव्यात?" त्यांनी विचारलं.

"द्या मला," ठिपकी म्हणाली.

शेळीच्या जातीला पाण्याचा केवढा तिटकारा. तरी ती फांद्या तोंडात धरून त्या गार पाण्यात छातीपर्यंत शिरली, मधोमध चिखलात त्या रोवल्या आणि कुडकुडत बाहेर आली. उजाडेपर्यंत ढवळलेला गाळ खाली बसला.

मुलूख पाण्यावर आला. कोंबडेबुवांनी आधी शिंगं पाहिली आणि मग पाणी. "आले," ते हळूच म्हणाले. "सिनेमात दाखवलं होतं, अगदी तसंच." त्यांनी एक घोट घेतला. "चव काही खास नाही," ते म्हणाले आणि पुन्हा चोच बुडवली. मग पुन्हा.

म्हातारी ठिपकीच्या आधारानं काठापर्यंत आली. "शिंगं दिसली का गं?"

"दिसली, आई."

म्हातारीनं तोंड लावलं आणि बराच वेळ वर काढलं नाही. ठिपकी ओल्या अंगानं तिच्याकडे नुसती बघत राहिली.

उन्हं वर आली तसे नाना उशीर झाला म्हणून ओशाळून लगबगीनं आले. काठावर येऊन बघतात, तर तळ्यात शिंगं. ते जागच्या जागी थबकले. त्यांनी हळूच मान लववली. तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आली आणि पाण्यातली शिंगंही लवली.

"आधी त्यांचं होऊ दे," नाना पुटपुटले, आणि रांगेत सगळ्यांत शेवटी, कोंबड्यांच्या मागे, मान खाली घालून तहानलेले उभे राहिले.